चौथऱ्यावर बसलेली बाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कार्ल्याच्या एकवीरेला आम्ही लहानपणी दर वर्षी जायचो. देवीचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी. रांग मोठी असली की बायका-मुलं लेण्याच्या सावलीत टेकायची. तिथल्या दर्शनी भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी जोडपी उभी आहेत. अंगावर दागिने भरपूर, कपडा नावापुरता. बायकांचं वरचं अंग तर उघडंच. त्यांच्या पायाशी बसून आमची आत्या डबा उघडायची आणि पोळीभाजी वाढायची. कुणी आम्हा मुलांचे डोळे झाकल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी चित्रकला शिकायला गेलो. एकदा त्याच आत्यानं माझं स्केचबुक उघडलं आणि मिटून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्यात वर्गातल्या नग्न मॉडेलची रेखाचित्रं होती. ‘घरात लहान मुलं आहेत रे,’ एवढंच ती म्हणाली. दगडातलं चालतं, मग कागदावरचं का चालत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

उत्तराचा एक धागा कार्ल्याच्या पायथ्याशीच सापडतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला. तिथून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वती अंगभर साडीतल्या होत्या. सभ्य बाई म्हणजे अशी, हे त्या तसबिरींनी आपल्या डोळ्यांत पक्कं बसवलं. वर डोंगरात उघडी जोडपी, खाली छापखान्यात साडीतल्या देवी. मध्ये अंतर अवघ्या काही मैलांचं, पण दोन हजार वर्षांचं!

मात्र जुना काळ मोकळा होता, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. रविवर्मा ज्या त्रावणकोरचे, तिथे नाडर बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं. १८५९ साली तिथल्या राज्यकर्त्यांना तो हक्क मान्य करावा लागला. म्हणजे अंग कुणी झाकायचं आणि कुणी उघडं ठेवायचं, हे जात आणि सत्ता ठरवत होती. लाज ही केवळ अंगाची गोष्ट कधीच नव्हती.

मुंबईचं सर ज. जी. कला विद्यालय १८५७ चं. तिथे १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास सुरू झाला. स्नायू कुठे ताणतो, बसल्यावर पाठीचा कणा कसा वळतो, वजन कुठल्या पायावर येतं, हे कपड्यावरून कळत नाही. डॉक्टरला जसं शवविच्छेदन, तसा चित्रकाराला हा वर्ग.

त्याच काळात, १९२७ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचं चित्र छापत. शरीराची लाज बाळगण्यासारखं काही नाही, हे त्यांना ठासून सांगायचं होतं. मजकुरावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल खटला भरला गेला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरला, पण कर्व्यांनी मासिक थांबवलं नाही. १९५३ साली त्यांच्या निधनापर्यंत ते निघत राहिलं.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी यांचं प्रदर्शन लागलं. पॅरिसहून नुकताच आलेला हा तरुण चित्रकार. त्यातल्या प्रेमी युगुलाच्या दोन चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, पदमसींनी नकार दिला. खटला उभा राहिला आणि पदमसी निर्दोष सुटले. भारतीय कलेच्या इतिहासात या निकालाचं मोल मोठं आहे.

प्रश्न तेवढ्यानं मिटला नाही. अलीकडेच मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी परदेशातून आणलेल्या सात कलाकृती अश्लील ठरवून जप्त केल्या. त्या होत्या फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि याच पदमसींच्या. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, हे सत्तर वर्षांनी पुन्हा कोर्टाला सांगावं लागलं.

हे सगळं वाचताना मला आमच्या वर्गातल्या मावशी आठवतात. मॉडेल म्हणून येणाऱ्या बाईंना आम्ही मावशीच म्हणायचो. त्या चौथऱ्यावर बसल्या की पायांभोवती खडूनं रेघ मारायची, म्हणजे विश्रांतीनंतर पुन्हा तशीच बैठक घेता येते. अंगावर माशी बसली तरी हलायचं नाही. पायाला मुंग्या आल्या तरी घंटा होईपर्यंत दम धरायचा. या कामालाही कसब लागतं.

एकदा भाजीबाजारात त्या मला दिसल्या. सोबत त्यांचा मुलगा होता. मी हसून पुढे झालो, तर त्यांनी ओळख दाखवलीच नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, ‘रागावू नकोस बाळा. घरी सांगितलंय, कॉलेजात झाडलोट करते म्हणून.’

पुढे रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आला. त्यातली यमुनाही आपलं हे काम मुलापासून लपवते. २०१७ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवासाठी परीक्षकांनी तो निवडला होता, पण माहिती व नभोवाणी मंत्रालयानं तो यादीतून काढून टाकला. २०१८ च्या एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत लागला. मी अंधारात बसून पाहिला आणि मला सारखा तो भाजीबाजार दिसत राहिला.

कर्वे, सूझा, पदमसी यांनी टीका सोसली, कर्वे आणि पदमसींनी कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या, पण त्यांच्यापाशी त्यांचं नाव होतं. चित्राखाली सही होती. कोर्टानं निर्दोष ठरवलं ते चित्राला आणि चित्रकाराला. चौथऱ्यावर बसलेल्या बाईवर कुणी खटला भरला नाही, म्हणून तिला निर्दोष ठरवायलाही कुणी आलं नाही. तिची लाज तिच्याकडेच राहिली.

आत्या गेल्यावर कपाट आवरताना ते स्केचबुक मला वरच्या फळीवर मिळालं. तिनं ते फेकलं नव्हतं. एका पानावर मावशी पाठमोऱ्या बसल्या आहेत. खाली माझी सही, तारीख आणि ‘बैठी स्त्री’ एवढेच शब्द. मावशींचं नाव मला ठाऊक होतं, पण लिहिलं असतं तर त्यांच्या घरी कळलं असतं. आजही मी ते तुम्हाला सांगत नाही, त्याचं कारण तेच आहे.