छापखानदाराने टिपलेला सूर्य : १८६० च्या ग्रहणाची कथा

१/
खग्रास सूर्यग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाच्या कडेला तांबूस ज्वाळांसारखे उंचवटे दिसतात. त्यांना तेजःशृंगे म्हणतात. १८४२ च्या ग्रहणात ती पाहून यूरोपातील ज्योतिर्विद चक्रावले. ही शृंगे सूर्याची, चंद्राची, की नुसता दृष्टिभ्रम? हा वाद ज्याच्या छायाचित्रांनी मिटवला, तो पेशाने ज्योतिर्विद नव्हताच.

२/
वॉरन डी ला रू (१८१५–१८८९). त्याच्या वडिलांचा लंडनमध्ये छपाईचा व्यवसाय होता. खेळायचे पत्ते, लेखनसाहित्य आणि पुढे टपाल तिकिटे. हिंदुस्थानची तिकिटेही १८५५ पासून अनेक दशके याच कंपनीने छापली. १९२० च्या दशकात ते काम नाशिकच्या सरकारी छापखान्याकडे आले.

३/
१८५१ मध्ये लंडनला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे डी ला रूच्या कंपनीचे पाकिटे घडवणारे यंत्र लोकांचे लक्ष वेधून घेत होते. त्याच प्रदर्शनात अमेरिकेतून आलेले चंद्राचे एक छायाचित्र मांडले होते. हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून बाँड आणि व्हिपल यांनी ते घेतले होते. ते पाहून डी ला रूने या कामात उडी घेतली.

४/
त्याच्याकडे १३ इंच व्यासाच्या आरशाची स्वतः घडवलेली दुर्बीण होती. तंत्र होते ओल्या कलोडियनचे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन लगेच धुवायची. काच वाळली की सारे श्रम वाया.

५/
दुसरी अडचण आकाशाची. पृथ्वी फिरते, त्यामुळे चंद्र दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून सरकत राहतो. १८५२ मध्ये डी ला रूकडे दुर्बीण फिरवणारे घड्याळी यंत्र नव्हते. काही सेकंद चंद्राचा पाठलाग हातानेच करावा लागे. अखेर त्याने हा नाद काही काळ सोडला. १८५७ मध्ये क्रॅनफर्ड येथे घड्याळी यंत्र बसवल्यावर तो पुन्हा कामाला लागला.

६/
सूर्याची अडचण नेमकी उलटी. तेथे प्रकाश कमी नव्हे, अतोनात जास्त. सूर्याचे नित्य छायाचित्रण व्हावे, ही सूचना जॉन हर्शेल यांची. त्यानुसार डी ला रूच्या आराखड्यावरून क्यू वेधशाळेसाठी खास सौर कॅमेरा तयार झाला. त्यात एक अरुंद फट प्रतिमेसमोरून झर्रकन सरकत असे. सेकंदाच्या अल्पांशात काम फत्ते!

७/
१८ जुलै १८६०. ग्रहणाचा पट्टा स्पेनवरून जाणार होता. ‘हिमालय’ नावाच्या जहाजातून इंग्लंडचे अभ्यासक निघाले. डी ला रूने क्यूचा कॅमेरा रिव्हाबेलोसा या गावी नेला आणि शेजारीच काचा धुण्यासाठी अंधारी खोली उभारली.

८/
धोका उघड होता. यंत्र बनवले होते प्रखर सूर्यासाठी. ग्रहणातला मंद प्रकाश त्यात उमटेल याची खात्री कोणालाच नव्हती. खग्रास अवस्था अवघी तीन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात डी ला रूने दोन काचा वापरल्या, प्रत्येकी सुमारे एक मिनिट. दोन्हींवर तेजःशृंगे स्पष्ट उमटली.

९/
आता पुरावा पाहा. चंद्र सूर्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होता. शृंगे चंद्राची असती, तर त्याच्याबरोबर सरकली असती. दोन काचांची तुलना केल्यावर दिसले ते वेगळेच. पूर्वेकडची शृंगे चंद्राआड जात होती आणि पश्चिमेकडची उघडी पडत होती. म्हणजे ती सूर्याला चिकटून स्थिर होती. हलत होता तो चंद्र.

१०/
योगायोगाने दुसरा साक्षीदारही होता. सुमारे ३८० किलोमीटर दूर, भूमध्य समुद्राजवळ, रोमचे जेझुइट ज्योतिर्विद आंजेलो सेक्की यांनीही त्याच ग्रहणाची छायाचित्रे घेतली होती. दोन्ही ठिकाणची शृंगे जुळली. दृष्टिभ्रम किंवा पृथ्वीच्या हवेचा खेळ असता, तर इतक्या अंतरावर आकार जुळले नसते. १८६२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने डी ला रूला सुवर्णपदक दिले.

११/
शृंगे सूर्याची हे ठरले, पण ती कशाची? उत्तर १८६८ च्या ग्रहणात वर्णपटाने दिले : तप्त वायूची. तेव्हा जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने मात्र ग्रहणाविनाच, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून शृंगांचा वर्णपट पाहिला. ‘लॉकियरला १८६८ मध्ये विजयदुर्गावर हेलियम सापडला’ असे सर्रास सांगितले जाते, ते चूक आहे. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

१२/
आजचा हौशी छायाचित्रकार ओली काच वापरत नाही. तो ग्रहाचे चलच्चित्र घेतो, हजारो चौकटींतून हवेच्या थरथरीतही स्पष्ट आलेल्या निवडतो आणि संगणकावर एकत्र करतो. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला अशाच कामात गुरूवर एक नवा काळा डाग दिसला. कुठलीतरी वस्तू गुरूवर आदळली होती. मोठ्या दुर्बिणी त्यानंतर तिकडे वळल्या.

१३/
डोळ्याने पाहिलेले वर्णन प्रत्येकाचे निराळे, म्हणूनच १८४२ नंतर वाद मिटेना. काचेवरची प्रतिमा मात्र दोन माणसे, दोन गावे आणि दोन काळ शेजारी ठेवून ताडून पाहता येते. छापखान्यात वाढलेल्या माणसाने ज्योतिषशास्त्राला दिलेली देणगी हीच : पुन्हा पाहता येईल असा पुरावा.

(समाप्त)