एका फळीची गोष्ट

इंग्रजीतला 'बोर्ड' हा शब्द कानी पडला की शाळेतल्या पोराला फळा आठवतो, दहावीतल्याला परीक्षा, दुकानदाराला पाटी आणि शेअरवाल्याला संचालक मंडळ. आता या चौघांचे आपसांत नाते ते काय? नाते आहे, आणि ते एका लाकडी फळीपाशी जुळते.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी. जहाजाची बाजूही फळ्यांचीच, म्हणून तीही बोर्ड. आज आपण विमान 'बोर्ड' करतो. तिथे लाकडाची फळी औषधालाही सापडायची नाही!

पण गोष्टीचा खरा रंग आहे तो जेवणाच्या मेजाशी. मध्ययुगात इंग्लंडातल्या मोठ्या घरांतून लाकडी पायांवर फळ्या टाकून मेज मांडीत आणि जेवणे उरकली की उचलून ठेवीत. फळीचे मेज झाले, मेजावरून शब्द अन्नावर आला. आपण नाही का म्हणत, 'पाने वाढली आहेत, चला'? आपण जमिनीवर बसणारे, आपला शब्द पानावरून निघाला; त्यांचा फळीवरून.

त्याच मेजाभोवती कागद घेऊन बसणाऱ्यांनाही मग बोर्ड म्हणू लागले. १७८४ साली पिटच्या कायद्याने लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' बसले. सभासद फार तर सहा. पण कंपनीच्या हिंदुस्थानातल्या राज्यकारभारावर १८५८ पर्यंत त्यांची देखरेख. आपली पेशवाई बुडाली ती याच अमदानीत, १८१८ साली. या शब्दाची एक सोय पाहा. 'बोर्डाने ठरविले' म्हटले की कोणी ठरविले हे विचारायची सोय राहत नाही. फळीला तोंड कुठे असते?

पुढे १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली. 'लोकल बोर्डाची शाळा', 'लोकल बोर्डाचा रस्ता' हे खेड्यापाड्यांतले रोजचे बोलणे झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडचे लोकल बोर्ड काही लवकर सुटले नाही.

मला मात्र त्या शब्दाची दुसरी, अन्नाची शाखा अधिक जवळची वाटते. १९०१ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात 'व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग' निघाले, आणि पाठोपाठ इतर समाजांच्या मुलांसाठीही बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातल्या गरीब पोराला शाळेची फी एक वेळ माफ होई, पण परगावी दोन वेळा जेवायचे कुठे? 'बोर्डिंगात राहून शिकलो' असे सांगणाऱ्या पिढीच्या बोलण्यात तो शब्द शिक्षणापेक्षा भाकरीशी अधिक बांधलेला असे.

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीला बसत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. आणि ही बोर्डिंगातली मुले जेवायला बसत ती जमिनीवर, मांडी घालून; मूळच्या फळीचा तिथे पत्ताच नव्हता.