अश्वशक्ती आणि 'ॲव्हरेज' : भारतीय मोटारसायकलीच्या इतिहासातील एका निवडीचा विचार

भारतातील मोटारसायकलीविषयी जे स्फुट लेखन व ज्या मौखिक आठवणी उपलब्ध आहेत, त्या वाचता-ऐकताना एक गोष्ट ध्यानी येते. आठवणी बहुतेक सर्व वेगाच्या आहेत. यामाहा आर.एक्स. 100 चा कर्कश स्वर, राजदूत 350 ची झेप, येझदीचा निळसर धूर यांवर माणसे तासन्‌तास बोलतात. ज्या गाड्या प्रत्यक्षात सर्वाधिक खपल्या, त्यांच्याविषयी मात्र सांगण्यासारखे फारसे कोणापाशी नसते. 'गाडी चांगली होती, ॲव्हरेज उत्तम देई', एवढ्यावर विषय संपतो. स्मरणाचा पुरावा आणि खपाचा पुरावा यांतील ही विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

या विसंगतीचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे दिले जाते की, तरुणांना शक्तीची हौस होती आणि मध्यमवर्गीय कुटुंबप्रमुखाला पेट्रोलच्या बचतीची काळजी. शेवटी काळजीने हौसेवर मात केली. हे म्हणणे निराधार नाही, पण अपुरे आहे. शक्ती आणि बचत ही एकाच तराजूची दोन पारडी असून एक उचलले की दुसरे आपोआप खाली जाते, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः 1985 च्या सुमारास भारतीय ग्राहकापुढे असलेली निवड ही दोन यंत्रपद्धतींमधील निवड होती, आणि तिची चौकट तो दुकानात शिरण्यापूर्वीच आखली गेली होती.

तत्पूर्वीची स्थिती थोडक्यात सांगता येईल. सैन्यासाठी म्हणून 1955 पासून मद्रासेत बुलेट 350 ची जुळणी सुरू झाली. म्हैसूरला 1961 पासून जावा व 1973 पासून तिचेच रूपांतर असलेली येझदी निघू लागली. एस्कॉर्ट्‌सची राजदूत 175 ही पोलिश आराखड्यावर बेतलेली होती. पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत. अशा बाजारात 'निवड' हा शब्द वापरणे म्हणजे थोडी अतिशयोक्तीच. ज्याला जे मिळे ते तो घेई. 1973 नंतर पेट्रोलचे दर भडकले, तरी हाती असलेल्या गाडीस पर्याय नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी शासनाने दुचाकी उद्योगाला परदेशी सहकार्याची वाट मोकळी केली, परंतु ती मुख्यतः 100 घन सेंटिमीटरपर्यंतच्या एंजिनांपुरती. या एका मर्यादेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 1984 ते 1986 या अवघ्या दोन-तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा व कावासाकी या चारही जपानी नावांच्या 100 घन सेंटिमीटरच्या गाड्या भारतात आल्या. चौघींचे आकारमान एकच, चाकांचा व वजनाचा घाटही जवळपास एकच. त्यांपैकी तिघींचे एंजिन दोन-धावी, म्हणजे बोलीतले 'टू-स्ट्रोक', होते. हिरो होंडाच्या सी.डी. 100 चे तेवढे चार-धावी. इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच हाती लागतो.

आर.एक्स. 100 आपल्या 98 घन सेंटिमीटरमधून 11 अश्वशक्ती काढी, सी.डी. 100 ला 97 मधून सात-साडेसातच मिळे. उलट, पहिली लिटरमागे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाई, तर दुसरीसाठी जाहिरातीत 80 चा आकडा दिला जाई. (टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची ती जाहिरात अद्याप अनेकांच्या स्मरणात आहे.) स्थिर वेगाने, मोकळ्या रस्त्यावर काढलेला तो आकडा शहराच्या रहदारीत मिळत नसे, तरीही साठ-पासष्ट मिळत. फरक मोठाच होता.

पण हा फरक शक्तीमुळे पडला असे म्हणणे चुकीचे होय. दोन-धावी एंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यात स्फोट होतो, म्हणून त्याच आकारात अधिक शक्ती मिळते. मात्र जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम त्यात आत येणाऱ्या ताज्या मिश्रणावरच सोपविलेले असते, आणि निष्कास द्वार त्या वेळी उघडेच असते. परिणामी ताज्या मिश्रणाचा मोठा भाग, कित्येकदा चौथा हिस्सा, न जळताच नळीवाटे निघून जातो. मालक पैसे मोजून घेतलेले पेट्रोल रस्त्यावर फेकीत जातो, असे म्हटले तरी चालेल. शिवाय वंगण तेलही पेट्रोलबरोबर जळते, त्याचा खर्च वेगळा. चार-धावी एंजिनात झडपांमुळे ही गळती जवळजवळ थांबते. तात्पर्य, सी.डी. 100 ची बचत तिच्या दुबळेपणातून उपजलेली नव्हती. ती झडपांतून आली होती.

मग शहरात वापरावयाच्या गाडीला शक्ती लागते तरी किती? साधा हिशेब करून पाहता येतो. गाडी व स्वार मिळून 170 किलोग्रॅम धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी 45 किलोमीटरने जाण्यास वाऱ्याचा व चाकांचा विरोध मोडण्यासाठी दीड-दोन अश्वशक्ती पुरते. मागे आणखी एक माणूस बसवून बोरघाटासारखा चढ ताशी 40 ने चढावयाचा झाल्यास चार-पाच लागतील. वाऱ्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 90 गाठावयास मात्र आठ-नऊ लागतात. म्हणजे दादर किंवा सदाशिव पेठ येथील स्वाराला सात अश्वशक्ती रोजच्या कामास पुरेशीच होती. अकरा अश्वशक्तीचा उपयोग सिग्नल सुटताच पुढे निसटण्यास आणि बसगाडीस चटकन ओलांडण्यास होई. तो उपयोग खोटा नव्हे, व त्यातील आनंदही खोटा नव्हे. पण तो दिवसातील काही क्षणांचा होता, आणि पेट्रोलची गळती दिवसभराची.

या युक्तिवादाची कसोटी राजदूत 350 च्या इतिहासात पाहावयास मिळते. यामाहाच्या आर.डी. 350 वर आधारलेली ही दोन सिलिंडरांची, सहा गिअरांची, 347 घन सेंटिमीटरची दोन-धावी गाडी 1983 साली एस्कॉर्ट्‌सने बाजारात आणली. मूळ जपानी गाडीची शक्ती 39 अश्वशक्ती होती. भारतात ती साडेतीसवर आणली गेली. तरीही इंधनखर्चाची तक्रार थांबेना, तेव्हा 27 अश्वशक्तीची 'लो टॉर्क' आवृत्ती काढण्यात आली व आधीचीस 'हाय टॉर्क' हे नाव पडले. शक्ती कमी करून बचत विकत घेण्याचा याहून स्पष्ट प्रयत्न आपल्याकडे दुसरा नसावा. तो फसला. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटरांच्या फारसे पलीकडे गाडी गेली नाही, आणि ज्यांना तिची झेप हवी होती तेही नाराज झाले. कारण उघड आहे. नवव्या हिश्श्याने शक्ती घटली तरी दोन्ही सिलिंडरांतील गळतीची पद्धत तीच राहिली. शिवाय दोन अश्वशक्तीच्या कामासाठी सत्तावीस अश्वशक्तीचे एंजिन जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलवर चालविणे हे मुळातच उधळपट्टीचे असते. दशक सरतासरता तिचे उत्पादन बंद पडले. सुटे भाग दुर्मीळ व महाग असल्याने पुष्कळ गाड्या अंगणात गंजत राहिल्या. पुढे त्याच गाड्या जपून ठेवणारे संग्राहक निघाले. आजच्या आठवणींचा मोठा भाग याच मंडळींकडून येतो, हे साधनचिकित्सेच्या दृष्टीने लक्षात ठेवलेले बरे.

जो प्रयत्न कारखान्याने केला, तोच गल्लीतल्या गॅरेजवाल्यानेही केला. आर.एक्स. 100 चा मालक 'ॲव्हरेज वाढवून द्या' म्हणून येई. मेकॅनिक कार्ब्युरेटरमधील जेट लहान करी, मिश्रण पातळ करी. काही मालक तेलातही हात आखडता घेत. चार-सहा किलोमीटर वाढत खरे, पण पातळ मिश्रणाने व अपुऱ्या वंगणाने दट्ट्या तापे आणि एखाद्या लांबच्या प्रवासात एंजिन 'सीझ' होई. वाचविलेले पेट्रोल सिलिंडरच्या 'बोअरिंग'मध्ये खर्ची पडे. ज्याने शक्ती निवडली असे आपण म्हणतो, तोही घरी आल्यावर बचतच शोधीत होता. हौस आणि काटकसर ही दोन वेगळ्या वर्गांची लक्षणे नसून एकाच माणसाच्या दोन गरजा होत्या, हे या व्यवहारातून दिसते.

पुढील घडामोडींत ग्राहकाइतकाच शासनाचा हात आहे. 1990 च्या आखाती संकटाने इंधन पुन्हा महागले. 1991 मध्ये धुराविषयीचे पहिले नियम आले, 1996 मध्ये ते कडक झाले व 2000 मध्ये आणखी कडक. न जळता निसटणारे मिश्रण हेच आता दोषाचे परिमाण ठरले. म्हणजे ज्या गळतीची किंमत पूर्वी मालक एकटा मोजीत होता, तिची दखल आता कायद्याने घेतली. 1996 मध्ये आर.एक्स. 100 चे उत्पादन थांबले; म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला, जरी त्यामागे इतर कारणेही होती. हिरो होंडाने 1994 साली आणलेली स्प्लेंडर मूलतः त्याच 97 घन सेंटिमीटरच्या एंजिनावर चालत होती. तिच्या बळावर ती कंपनी 2001 मध्ये जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक ठरली.

काटकसर हा भारतीय मध्यमवर्गाचा स्थायीभावच असता, तर कथा येथेच थांबली असती. पण 1999 मध्ये 156 घन सेंटिमीटरची सी.बी.झेड. आणि 2001 मध्ये बजाजची पल्सर, 150 व 180 अशा दोन आकारांत, बाजारात आली. पल्सरची शक्ती अनुक्रमे 12 व 15 अश्वशक्ती, म्हणजे आर.एक्स. 100 हून अधिक. एंजिन मात्र चार-धावी. 2003 च्या आवृत्तीत प्रत्येक सिलिंडरास दोन स्पार्क प्लग देऊन ज्वलन अधिक पूर्ण करण्यात आले. चाकणच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी ज्यांनी घेतली, त्यांत सी.डी. 100 वर वाढलेल्या घरांतील मुले होती. त्यांना वडिलांनी विचारलेला पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हाच होता, आणि मुलांपाशी या वेळी सांगण्याजोगा आकडा होता.