‘ओरेगॉन ट्रेल’: रोजनिशांतून घडलेला संगणक-खेळ

संगणकावरील खेळ शाळेत अध्यापनाचे साधन म्हणून कसे रुजले, याचा विचार अमेरिकेतील मिनेसोटा राज्याला वगळून करता येत नाही. १९७१ मध्ये मिनिॲपोलिस शहरात अध्यापनाचा सराव करणाऱ्या डॉन रॉविच यांच्याकडे आठवीच्या वर्गाला एकोणिसाव्या शतकातील पश्चिमेकडचे स्थलांतर शिकवण्याचे काम आले. मिसूरीपासून ओरेगॉनपर्यंतच्या सुमारे ३,२०० किलोमीटरच्या वाटेवरून त्या काळी असंख्य कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून गेली होती. रॉविच यांनी त्यासाठी आखलेल्या पटावरच्या खेळाला बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या गणिताच्या सहकाऱ्यांनी दोनेक आठवड्यांत संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजेच प्रोग्रामचे, रूप दिले आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी तो वर्गात प्रथम खेळला गेला.

वर्गात तेव्हा पडदा नव्हता. दूरच्या संगणकाशी टेलिफोनच्या तारेने जोडलेला टेलिप्रिंटर, म्हणजे दूरमुद्रक, तेवढा होता आणि संगणकाचे प्रत्येक उत्तर त्यावर खडखडत कागदावर उमटे. शिकार करायची तर बंदुकीच्या आवाजाचा ‘बँग’ हा शब्द अचूक आणि झटपट टंकित करावा लागे, उशीर झाला की सावज निसटे. त्यामुळे भरभर टंकणारा मुलगा यंत्रापाशी बसे, दुसरा नकाशा पाही, तिसरा उरलेल्या पैशांचा हिशेब ठेवी आणि निर्णय सर्वांच्या मताने होई. खेळाचे शैक्षणिक बळ यंत्रापेक्षा या विचारविनिमयात अधिक होते.

सत्र संपल्यावर आज्ञावली संगणकावरून पुसली गेली, मात्र तिची छापील प्रत रॉविच यांनी जपून ठेवली. शाळांना संगणकसेवा पुरवण्यासाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेक’ या राज्याच्या संस्थेत ते पुढच्याच वर्षी रुजू झाले, तेव्हा त्यांनी ती पुन्हा टंकून घेतली आणि नंतर स्थलांतरितांच्या रोजनिशा वाचून वादळ, आजारपण, गाडी मोडणे अशा घटना किती वेळा घडत, त्यानुसार खेळातील संभाव्यता, म्हणजे ती घटना घडण्याची शक्यता, बदलली. अस्सल साधनांवरून अनुमान बांधण्याची इतिहासकाराची रीत अशा प्रकारे खेळाच्या गणितात उतरली, आणि हेच या प्रयोगाचे सर्वांत मोलाचे अंग होय. १९७८ मध्ये संपूर्ण आज्ञावली ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ या नियतकालिकात छापून आल्याने हे गणित कोणाही शिक्षकाला तपासता येऊ लागले.

ॲपल टू संगणकासाठी १९८५ मध्ये निघालेल्या सचित्र आवृत्तीने खेळ घरोघरी पोचवला. तथापि शिकारीचे आकर्षण वाढले आणि रोजनिशांचा आधार खेळणाऱ्यांच्या नजरेआड गेला. मुळातच त्या रोजनिशा स्थलांतरितांच्या होत्या. त्यांतील नोंदींच्या आधारे रॉविच यांनी मूलनिवासींना वाटाड्ये व मदतनीस म्हणून दाखवले, हे त्या काळच्या चित्रपटांतील रूढ चित्रणापेक्षा निश्चितच न्याय्य होते. परंतु ज्यांच्या भूमीतून ही वाट गेली, त्यांच्या बाजूने प्रवास पाहण्याची सोय खेळात नव्हती. २०२१ च्या नव्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेण्यात आला आणि मूलनिवासी पात्र म्हणून खेळणेही शक्य झाले.