अरबी डिंक: तेल आणि पाण्याच्या सीमेवरचा माल

अरबी डिंक हा मुख्यतः हाशाब या काटेरी झाडाच्या खोडातून पाझरून वाळलेला चीक. सेनेगलपासून सुदानपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात हे झाड वाढते. अरब व्यापाऱ्यांमार्फत हा डिंक युरोपात पोहोचला, म्हणून तो ‘अरबी’. प्राचीन इजिप्तमध्ये तो शाईत आणि रंगांत घालीत.

अठराव्या शतकात युरोपात छापील सुती कापडाचा धंदा वाढला. छापताना रंग फुटू नये म्हणून तो डिंकाने दाट करीत. हा डिंक सेनेगल नदीच्या परिसरातून येई आणि त्यावर फ्रेंचांची पकड होती. १७५८ मध्ये ब्रिटिशांनी नदीमुखावरचे सेंट लुई जिंकले, त्यामागे डिंकाचा व्यापार हे मोठे कारण होते. १७८३ च्या तहाने सेनेगल फ्रेंचांना परत मिळाला. पोर्टेंडिक येथील डिंकखरेदीचा हक्क मात्र ब्रिटिशांनी राखला. एकोणिसाव्या शतकात एडन व तांबड्या समुद्रावरून मुंबईत आलेला डिंक पुढे युरोपला जाई आणि तेथे ‘ईस्ट इंडिया डिंक’ म्हणून ओळखला जाई. पुढे सुदानचा कोर्दोफान प्रांत आणि तेथील अल उबैदची बाजारपेठ या व्यापाराचे केंद्र बनली.

औषधे बनवणाऱ्यांना या डिंकाचा आणखी एक गुण ठाऊक होता. चार भाग तेल, दोन भाग पाणी आणि एक भाग डिंक खलात घोटला की दुधासारखे पायस तयार होई. माशाच्या यकृताचे तेल असे घोटून रुग्णांना देत. शीतपेयांतही संत्र्या-लिंबाचे तेल याच डिंकाने पाण्यात टिकवून धरतात.

त्याचे कारण १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. डिंक हे बहुतांशी शर्करांचे बहुवारिक असून त्यात सुमारे दोन टक्के प्रथिन असते. प्रथिनाची साखळी तेलाच्या थेंबाला चिकटते आणि तिला जोडलेल्या शर्करांच्या फांद्या बाहेर पाण्यात पसरतात. दोन थेंब जवळ आले की या फांद्या एकमेकींना दाटतात, त्यामुळे थेंब एकत्र येऊ शकत नाहीत. प्रथिन उष्णतेने बिघडले, तर हा गुण घटतो.

१९७३-७४ च्या साहेल दुष्काळात डिंकाची टंचाई झाली आणि उद्योग पर्यायी स्टार्चकडे वळले. त्या स्टार्चच्या साखळीला तेलाशी जमणारे गट जोडलेले असतात. हाशाबच्या डिंकात ते काम प्रथिन करते.