आर्मर्ड केबलचं ग्लँडिंग आणि अर्थिंग: काय तपासायचं?

सोसायटीच्या मीटर रूममधून बोअरवेल पंपाकडे किंवा ईव्ही चार्जरकडे जमिनीखालून जाते ती केबल बहुतेक वेळा आर्मर्ड असते. मी सॉफ्टवेअरवाला. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं. पण झालेलं काम बरोबर आहे का, हे आपल्याला विचारता आलं पाहिजे.

आर्मर कशासाठी?

आतल्या कोअर्सवर इनर शीथ, त्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा किंवा पट्ट्या आणि सर्वात वर पीव्हीसीचं आवरण. या तारा म्हणजे आर्मर. कुदळीचा घाव बसला तर फेज आर्मरला चिकटू शकतो. आर्मर अर्थ केलेलं नसेल तर करंटला परतीची वाटच नाही. एमसीबी पडत नाही आणि आर्मरला जोडलेल्या धातूच्या वस्तूंमध्ये २३० व्होल्ट येतात. हात लावणाऱ्याला शॉक!

अर्धवट अर्थिंगही धोक्याचं

समजा, फॉल्टच्या वाटेत एकूण १० ओहम रोध आहे. २३० ÷ १० = २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी यावर पडणारच नाही. सी-टाइप एमसीबी लगेच पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. म्हणून जोड घट्ट आणि रोध कमी हवा. जिथे तो पुरेसा कमी मिळत नाही, तिथे केबलच्या सुरुवातीलाच आरसीसीबी लागतो.

योग्य पद्धत

१. सप्लाय बंद, टेस्टरने खात्री. ग्लँड केबलच्या मापाचा.
२. ग्लँडचे मागचे भाग आधी केबलवर ओवायचे, मग बाहेरचं आवरण कापायचं.
३. आर्मरच्या तारा हॅक्सॉने अर्ध्यापर्यंतच कापून वाकवून तोडायच्या. ब्लेड इनर शीथला लागता कामा नये.
४. सगळ्या तारा कोनवर पसरून क्लॅम्पिंग रिंगखाली दाबायच्या. तारा छाटून वर टेप गुंडाळणं म्हणजे अर्थ तोडणं.
५. पत्र्याच्या बॉक्सवर ग्लँड बसतो तिथला रंग खरवडायचा, कारण रंग वीज अडवतो.
६. ग्लँड आणि बॉक्सच्या मध्ये अर्थ टॅग घालून तिथून हिरवी वायर अर्थ बारला न्यायची. प्लास्टिक बॉक्सला तर हे हवंच.
७. थ्री किंवा फोर कोअर केबलला हेच दुसऱ्या टोकालाही. आर्मर न्यूट्रलला जोडायचं नाही.

शेवटची तपासणी

सप्लाय बंद असतानाच मीटरने ग्लँड ते अर्थ बार रोध मोजायला सांगा. तो शून्याच्या जवळ हवा. मग लोड सोडवून कोअर आणि आर्मर यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर. आकडे लिहून घ्या. भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख मागा. चर बुजवण्याआधी दोन्ही ग्लँडचे फोटोही काढून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला कामी येतात.