पासोडी आणि विज्ञप्तिपत्र

बीड जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला की कंकालेश्वर मंदिर आणि खजाना बावडी यांचा उल्लेख प्रथम होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यवसायाने कापडव्यापारी असल्यामुळे माझे लक्ष अंबाजोगाईच्या एका वस्त्राकडे वेधले जाते. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तातील गहन विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर ओव्या लिहून आणि आकृत्या काढून मांडला. कोऱ्या सुती कापडावर शाई फुटते, हे आपल्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. खळ देऊन, घोटून कापड तयार केल्याविना इतके बारीक लेखन त्यावर टिकणे कठीण. शिवाय पोथी एका वेळी एकजण वाचतो. पासोडी उलगडली की तिच्याभोवती दहा-वीस माणसे सहज जमतात.

दासोपंतांच्या हयातीतच, इ. स. १६१० मध्ये, आग्र्याच्या जैन संघाने आचार्य विजयसेनसूरींना असाच एक लांब चित्रपट पाठविला. त्यास विज्ञप्तिपत्र म्हणतात. श्वेतांबर परंपरेत पर्युषणानंतर क्षमापना कळवावी आणि पुढील चातुर्मासासाठी विनंती करावी, या हेतूने संघ अशी पत्रे धाडीत. आग्र्याचे पत्र उस्ताद शालिवाहन या बादशाही चित्रकाराने रंगविले. त्यात जहांगीर बादशहाचा दरबार आहे आणि पर्युषणकाळात जीवहत्या बंद ठेवण्याच्या फर्मानाचा प्रसंगही आहे.

पुढे राजस्थानात ही प्रथा बहरली. उदयपूरच्या संघाचे १८३० चे विज्ञप्तिपत्र सुमारे ७२ फूट लांब आहे. अशा पत्रांच्या आरंभी बहुधा अष्टमंगल व त्रिशलामातेची चौदा स्वप्ने असत. त्यानंतर मात्र प्रत्यक्ष गाव सुरू होई : वेस, राजवाडा, मंदिरे, दुतर्फा दुकाने, त्यांत बसलेले व्यापारी आणि कारागीर, रस्त्यावरील माणसे व जनावरे, शेवटी उपाश्रयातील प्रवचन. महाराजसाहेबांनी जेथे यावयाचे ते गाव कसे आहे, हे त्यांना येण्यापूर्वीच दिसावे, ही त्यामागील दृष्टी. विनंतीचा मजकूर आणि श्रावकांच्या सह्या सर्वांत खाली येत. आज त्या काळातील बाजारपेठ कशी होती याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना हीच पत्रे उपयोगी पडतात. (आपल्याकडील कमानींवर देणगीदारांची नावे ठळक असतात, गाव मात्र कोठेच नसते. असो.)

आपल्यातील अनेक घराणी मारवाडातून या भागात आली. वह्या आणि वजनकाटे आले, पण ही चित्रपरंपरा येथे रुजली नाही, याची मला खंत वाटते. बालाघाटाच्या कुशीतील आपल्या लिंबागणेशास चित्रविषयांची वाण नाही. भालचंद्र गणेशाचे मंदिर आहे, शापमुक्तीसाठी चंद्राने येथे तप केल्याची कथा आहे, चंद्रपुष्करिणी आहे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणारा रस्ता आहे. आणि बाजार? १९४८ पूर्वीचा निजामी अमल, हाली सिक्क्यातील व्यवहार, गाड्यांवरून येणारा माल हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता पंचाऐंशीच्या पुढे गेली आहेत. कोणत्या ओटीवर कोणाचे दुकान होते, हे सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे माझा एक नम्र प्रस्ताव आहे. नव्या कमानीचा विचार तूर्त बाजूस ठेवून गावाचा एक कापडी पट तयार करावा. शाळेतील चित्रकला शिक्षकांनी आराखडा करावा, मुलांनी रंग भरावेत, वृद्धांनी जागा दाखवाव्यात. शिंपी, कुंभार, तेली, कासार, आतार या सर्वांची घरे त्यात यावीत. केवळ आपली नव्हेत. सह्या सर्वांत खाली असाव्यात. पंधरा मीटर मांजरपाट, खळ देऊन, माझ्या दुकानातून मिळेल.